घरांतील फरशी व तिच्याखालील काम

गेल्या कांहीं वर्षांत खेडोपाडीं नवें घर बांधतांना शेणाच्या सारवणाऐवजीं टाइल, म्हणजे भाजलेल्या मातीची झिलईदार फरशी, बसविण्याची चाल पडली आहे. ती वावगी नाहीं. अशी जमीन धुतां येते आणि वरचेवर सारविण्याचे घरांतील स्त्रियांचे श्रम वांचतात. परंतु एका हंगामाचें उत्पन्न खर्चून घातलेली फरशी दोन पावसाळ्यांत पोकळ वाजूं लागलेली व तडकलेली आम्हीं पाहिली आहे. आणि सांगण्यास संकोच वाटला तरी, त्यांत आमच्या स्वतःच्या माजघराची फरशीही होती. दोष फरशीचा नव्हता. तिच्याखालच्या कामाचा व आमच्या घाईचा होता.

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. म्हणून जोत्याच्या भरावांत काळी माती कधींही घालूं नये. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं घालून, पाणी मारून धुम्मसानें चोपावा. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट घालून त्यास निदान सात दिवस पाणी द्यावें.

भिंतीची फरशी सच्छिद्र व नाजूक असते. ती जमिनीस घेऊं नये. जमिनीस व्हिट्रिफाइड जात चांगली. ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाहीं. न्हाणी व पडवी येथें मात्र खरबरीत फरशीच घ्यावी. गुळगुळीत फरशीवर ओल्या पायांनीं घरांतील वृद्ध माणसें पडतात. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीस दोन फुटी चौरस फरश्या ३० लागतात. फुटतूट व पुढील दुरुस्ती यांसाठीं ३ अधिक घ्याव्या, आणि सर्व पेट्यांवरील छटेचा क्रमांक एकच आहे हें पाहूनच पैसे द्यावे.

खोलीच्या मध्यांतून दोन सुतें काटकोनांत ताणून फरश्या प्रथम कोरड्या मांडून पाहाव्या, म्हणजे कापलेले तुकडे दारासमोर येत नाहींत. साधी सिरॅमिक फरशी पाण्यांत भिजवून व निथळवून घ्यावी. एक भाग सिमेंट व चार ते सहा भाग चाळलेली वाळू यांचा माल सुमारें एक इंच जाडीचा पसरून, त्यावर सिमेंटचें दाट पाणी ओतून ती बसवावी. व्हिट्रिफाइड फरशीस साधें सिमेंट नीट धरीत नाहीं. तिला बाजारांत मिळणारी टाइल चिकटविण्याची तयार भुकटी पाण्यांत कालवून, सपाट काँक्रीटवर दातेरी थापीनें पसरून वापरावी.

रीत कोणतीही असो, फरशीची सारी पाठ भरली पाहिजे. घाईचें काम असलें म्हणजे चार कोपऱ्यांस व मध्यें मालाचे गोळे ठेवून फरशी दाबतात. मधल्या पोकळ्या तशाच राहतात. तेथेंच पुढें पोत्यांचा भार पडतो व फरशी फुटते. आमच्याकडे हेंच झालें. लग्नघाईमुळें काम दोन दिवसांत उरकलें, आणि तिसऱ्या दिवशीं आम्हीं त्यावर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लावली.

दोन फरश्यांत २ ते ३ मिलिमीटर सांधा व भिंतीकडेनें सुमारें पाव इंच फट राखावी, म्हणजे उन्हाळ्यांत प्रसरण पावलेली फरशी वर उचलली जात नाहीं. न्हाणींत दर १०० इंचांस एक ते सव्वा इंच ढाळ पाणी जाण्याच्या वाटेकडे द्यावा. सांधे दुसऱ्या दिवशीं भरावे. चोवीस तास कोणीं चालूं नये व आठवडाभर जड सामान ठेवूं नये.

काम चालू असतां मधून मधून एखादी फरशी बसवितांच उचलून तिची पाठ पाहावी. माल वाळल्यावर, गवंड्याचा शेवटचा हिशेब चुकता करण्यापूर्वीं, प्रत्येक फरशी लाकडी मुठीनें वाजवून पाहावी व पोकळ वाजेल ती बदलून घ्यावी. ओली फरशी उचलण्यास क्षणही लागत नाहीं. वाळलेली काढावयाची तर ती फोडावीच लागते. पेरणीपूर्वीं मशागतीचें महत्त्व जाणणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस याहून अधिक सांगावयास नको.