वीस मिनिटं उशीर? मग भोपाळात तुम्ही वेळेवर आहात!

भोपाळच्या माणसाला उशिराबद्दल बोल लावण्याआधी जरा नकाशा बघावा. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि भोपाळ बसलंय साधारण ७७.४ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे इथला सूर्य मनगटावरच्या घड्याळापेक्षा जवळजवळ २० मिनिटं मागे असतो. बाराच्या बैठकीला बारा वीसला ‘अरे खां, आ तो गए!’ म्हणत शिरणारा भोपाळी सूर्याच्या हिशेबाने अगदी ठोक्याला हजर! याच न्यायाने मुंबईकरांना ३९ मिनिटांची सवलत मिळायला हवी. (१९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी मानली नाहीच. ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं चालू होता.)

जुन्या भोपाळात फिरताना वार दाखवणारं घड्याळही लागत नाही. इतवारा, सोमवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती असे मोहल्लेच वार सांगतात. पुणेकराला यात नवल वाटणार नाही. उलट ‘आमच्याकडे सातही वारांच्या पेठा आहेत’ हे तो लगेच ऐकवेल.

आता मुद्द्याचं. मनगटी घड्याळ हा मुळात बायकांचा दागिना. पाटेक फिलिपने १८६८ मध्ये हंगेरीच्या एका काउंटेससाठी मनगटी घड्याळ घडवलं. पुरुष तेव्हा साखळीचं घड्याळ खिशात ठेवत आणि मनगटावर घड्याळ बांधणाऱ्याला बायकी ठरवत. त्याच १८६८ मध्ये भोपाळात सिकंदर बेगमनंतर त्यांची लेक शाहजहान बेगम गादीवर आली. १८१९ ते १९२६ या काळात भोपाळचा कारभार प्रामुख्याने चार बेगमांनीच चालवला. मनगट बायकांचं आणि राज्यही बायकांचं, असा योग दुसऱ्या कुठल्या संस्थानाच्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही.

पुरुषांची अढी मोडली ती पहिल्या महायुद्धात. खंदकात एका हातात बंदूक असताना खिशातलं घड्याळ कोण चाचपत बसणार? तोवर हिंदुस्थानच्या बाजारात ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ची स्विस घड्याळं रुळली होती. हे नाव १८८६ पासूनचं आणि खास इथल्या गिऱ्हाइकासाठी घेतलेलं. त्यांच्या गाजलेल्या मॉडेलचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. लष्करी माणसाच्या मनगटावर ते दिसू लागलं आणि कालपर्यंत बायकी असलेलं घड्याळ एकदम मर्दानी झालं. फॅशनला लाज नसते ती अशी.

घोड्यांवरून पोलो आठवला. भोपाळचे शेवटचे नवाब हमीदुल्ला खान पोलोचे नावाजलेले खेळाडू. या खेळात काठीचा एक फटका बसला की घड्याळाची काच संपली. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांची ही रड एका स्विस व्यापाऱ्याच्या कानावर गेली आणि तिच्यातून जन्माला आलं ‘रिव्हर्सो’. तबकडी चौकटीतल्या चौकटीत उलटी फिरवायची, की काच आत आणि पोलादी पाठ बाहेर. पेटंटचा अर्ज ४ मार्च १९३१ चा. खरी गंमत पुढे झाली. त्या कोऱ्या पाठीवर लोक आद्याक्षरं, राजचिन्हं, चित्रं कोरून घेऊ लागले. ढाल म्हणून केलेली वस्तू मिरवायची पाटी झाली. आज रिव्हर्सो लाखांत जातं आणि ते घालणाऱ्यांतल्या बहुतेकांनी घोडा पाहिलेला असतो तो वरातीत.

वरातीतला नवरदेव म्हटलं की घड्याळ आलंच. ‘घड्याळ, सायकल, रेडिओ’ ही एका जमान्यातली जावयाची त्रिमूर्ती. आता योगायोग बघा. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ मध्ये आणि एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला तोही १९६१ मध्ये. कायद्याने हुंड्याला मनाई केली आणि त्याच वर्षी सरकारी कंपनीने जावयासाठी घड्याळाची सोय केली! सोनेरी चेहऱ्याच्या ‘कांचन’वर तर पुढे कित्येक मांडव अडून बसले. दुकानात मिळायची मारामार. बंगळुरूत कुणाचा मेहुणा आहे का, याची आधी चौकशी व्हायची.

भोपाळला या घड्याळांनी चटकन आपलंसं केलं, कारण शहरच बदलत होतं. १९५६ मध्ये इथे हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी उभी राहिली, तीच पुढे भेलमध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यात देशभरातून कुटुंबं आली, त्यात मराठीही आली. जुन्या शहरातले लोक रात्री दुकानांपुढच्या दगडी पटियांवर बसून गप्पा छाटायचे, तिथे घड्याळ बघणं म्हणजे उद्धटपणा. नव्या शहरात पाळीची वेळ चुकली तर खाडा. एकाच गावात दोन रिवाज: पटियावर ज्याला उठायची घाई नाही तो मोठा, कारखान्यात ज्याच्या मनगटावर एचएमटी तो मोठा.

त्या घड्याळाकडे जरा जवळून पाहू. एचएमटी जनता: १७ ज्वेल्स, रोज सकाळी चावी द्यायची, ताशी १८,००० ठोके. तबकडीवर बारीक अक्षरात ‘पॅराशॉक’, म्हणजे धक्का सोसण्याची सोय. काही जनता घड्याळांवर नाव आणि आकडे चक्क देवनागरीत आहेत, आणि आज संग्राहक त्यांच्यावरच जीव टाकतात. मोठ्या काट्याला एका फेरीला एक तास लागतो हे मराठी मुलं ज्यांच्याकडून शिकली, ती बहुधा वडिलांची अशीच घड्याळं. मुंजीत बटूला आणि दहावी पास झाल्यावर मुलीला मिळायचं तेही घड्याळच. त्या काळी ‘कितीला घेतलं?’ असं फारसं कुणी विचारत नसे. प्रश्न असायचा, ‘कुणी दिलं?’ सासऱ्याने दिलंय, काकाने दिलंय की निवृत्तीच्या समारंभात कंपनीने, यावरून माणसाची पत कळायची. आज उलट झालंय. ब्रँड ओळखला की समोरचा मनातल्या मनात किंमत काढून मोकळा होतो, आणि देणाऱ्याचं नाव निघालं तर उलट अडचणच होते.

अडचण कशी, ते कर्नाटकाला विचारा. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय घेतला. लगेच पुढच्या महिन्यात त्याच राज्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावरच्या हिरेजडित ‘हुब्लो’वरून विधिमंडळात गदारोळ झाला. मित्राने भेट दिलंय म्हणून सुटका झाली नाही, घड्याळ सरकारजमा करावं लागलं. एक घड्याळ परवडत नाही म्हणून गेलं, दुसरं फारच परवडलं म्हणून गेलं.

या बाबतीत गांधीजी हुशार, मनगट मोकळंच ठेवलं. १९२९ मध्ये ते भोपाळला आले तेव्हा यजमान होते नवाब हमीदुल्ला. पाहुण्यांच्या अंगावर पंचा आणि कमरेला लटकवलेलं खिशातलं घड्याळ, हा त्यांचा जगाला ठाऊक असलेला थाट. त्यांचं एक झेनिथ घड्याळ २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, ताट-वाटीसह १८ लाख डॉलरला गेलं. विकत घेतलं मद्यसम्राट विजय मल्ल्यांनी!

मधल्या मध्ये दोन-तीन खमंग गोष्टी. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळही लाखाच्या चावीवाल्यापेक्षा अचूक चालतं. अचूकतेला पैसे पडत नाहीत, पैसे पडतात ते चुकण्यातल्या ऐटीला. जाहिरातीत घड्याळात नेहमी दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, कारण काट्यांच्या मध्ये कंपनीचं नाव ठळक दिसतं. महाराष्ट्रात राष्ट्रवादीच्या चिन्हातही तीच वेळ आहे, पण घड्याळ कोणाचं हे ठरवायला तिथे निवडणूक आयोग लागला.

आता तुम्हाला जुनं एचएमटी घ्यायची हुक्की आली असेल, तर सावध. भोपाळचा चौक असो की मुंबईचा चोर बाजार, लाल, हिरव्या, पोपटी तबकडीचं ‘पायलट’ दिसलं की हात आखडता घ्या. पायलट ओळखलं जातं ते काळ्या तबकडीवरून. रंगीबेरंगी माल बहुतेक वेळा जुन्या यंत्रावर नवी तबकडी रंगवून बसवलेला असतो. जगभरचे संग्राहक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ते कौतुक नसतं. भिंग मागून घ्या. अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या, आकडे किंचित तिरपे, चावीचं बटण भलतंच मोठं, काटे तबकडीपेक्षा जुने, असं काही दिसलं तर समजा की घड्याळ चालेल पण ते पायलट नव्हे. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. घडीसाज खरा असेल तर डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने एकेक चाक दाखवत अर्धा तास तुम्हाला तिथेच बसवून ठेवेल. टाळाटाळ करत असेल तर त्याच्याबरोबर चहा प्या, हवापाण्याच्या गप्पा मारा आणि पाकीट न काढता उठा.