विश्लेषण : एकाला ८१ मिनिटे, दुसऱ्याला २० सेकंद... अमेरिकी वृत्तवाहिन्यांवर उमेदवारांना समान वेळ का मिळत नाही?

अमेरिकेत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीची धामधूम आदल्या वर्षीच सुरू झाली होती. एबीसी वाहिनीच्या ‘वर्ल्ड न्यूज टुनाइट’ या संध्याकाळच्या बातमीपत्राने २०१५ मध्ये नोव्हेंबरअखेरपर्यंत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराला ८१ मिनिटे दिली. याच काळात बर्नी सँडर्स यांच्या वाट्याला आली अवघी २० सेकंदे. ही मोजणी अँड्र्यू टिंडॉल यांच्या ‘टिंडॉल रिपोर्ट’ची. अमेरिकेतील तीन मोठ्या नेटवर्कची संध्याकाळची बातमीपत्रे रोज पाहून कोणत्या विषयाला किती वेळ मिळाला याची नोंद ते वर्षानुवर्षे ठेवत आले आहेत. सँडर्स तेव्हा काही कोपऱ्यातले उमेदवार नव्हते. ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या त्यांच्या सभेला सुमारे २८ हजार लोक आल्याचा अंदाज होता आणि डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन यांच्यापाठोपाठ त्यांचेच नाव होते. मग हा फरक आला कुठून? आणि अमेरिकेत ‘समान वेळे’चा कायदा असताना तो चालला कसा?

संपूर्ण वर्षाचा हिशेब काय सांगतो?

एबीसीचा आकडा टोकाचा आहे, हे मान्य करायला हवे. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही नेटवर्कची २०१५ ची बेरीज थोडी सौम्य दिसते. निवडणुकीच्या बातम्यांना एकूण १०३१ मिनिटे मिळाली, त्यातली ३२७ एकट्या ट्रम्प यांना. क्लिंटन यांच्या प्रचाराला १२१, तर सँडर्स यांना २०. म्हणजे जवळपास एकतृतीयांश वेळ एका उमेदवाराला, तोही अशा टप्प्यावर जेव्हा एकाही राज्यात एकही मत पडलेले नव्हते.

वाहिन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. रिपब्लिकन पक्षात डझनाहून अधिक उमेदवार होते, तिथली लढत खुली होती. डेमोक्रॅटिक पक्षात क्लिंटन यांचा विजय गृहीत धरला जात होता. चुरस जिथे जास्त तिथे बातमी जास्त. पण मग जेब बुश? रिपब्लिकन पक्षाचे सुरुवातीचे आघाडीचे नाव, दोन माजी अध्यक्षांच्या घरातले, पाठीशी दहा कोटी डॉलरहून अधिक निधी. त्यांनाही ट्रम्प यांच्या एकपंचमांशाहून कमी वेळ मिळाला. तेव्हा चुरशीने सगळे स्पष्ट होत नाही.

फुकटच्या प्रसिद्धीची किंमत किती?

मीडियाक्वांट या संस्थेने माध्यमांतून मिळालेली ही प्रसिद्धी जाहिरातीच्या दरात मोजली. वाहिन्या, वृत्तपत्रे, समाजमाध्यमे सगळे धरून फेब्रुवारी २०१६ अखेर ट्रम्प यांना सुमारे १९० कोटी डॉलरची फुकट प्रसिद्धी मिळाली होती. क्लिंटन यांना सुमारे ७५ कोटी, सँडर्स यांना ३२ कोटी, बुश यांना २१ कोटी. टीव्हीवरच्या जाहिरातींचे चित्र मात्र नेमके उलटे होते. बुश यांच्या बाजूने सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले, ट्रम्प यांनी जेमतेम एक कोटी मोजले. बुश २० फेब्रुवारीला शर्यतीतून बाहेर पडले. ज्याला बातम्यांतच जागा मिळते त्याला जाहिरातीची जागा विकत घ्यायची गरज राहत नाही.

वाहिन्यांचा यात काय फायदा, हे लपवण्याचा प्रयत्नही कोणी फारसा केला नाही. सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये गुंतवणूकदारांच्या एका परिषदेत सांगून टाकले, की हे जे चालले आहे ते अमेरिकेसाठी चांगले नसेलही, पण सीबीएससाठी फारच चांगले आहे. ६ ऑगस्ट २०१५ ला फॉक्स न्यूजवर झालेली रिपब्लिकन उमेदवारांची पहिली वादफेरी सुमारे २ कोटी ४० लाख प्रेक्षकांनी पाहिली होती. प्राथमिक फेरीतल्या वादफेरीला असा प्रेक्षक त्याआधी कधी मिळाला नव्हता.

शिवाय ट्रम्प वाहिन्यांना स्वस्तात पडत. इतरांना स्टुडिओत आणावे लागे, वेळ ठरवावी लागे. ट्रम्प घरून फोन करत आणि राजकीय कार्यक्रमांत थेट आवाजावरच मुलाखत देत. ही सवलत इतर उमेदवारांना क्वचितच मिळे. पुढे काही कार्यक्रमांनी ती बंद केली, पण तोवर प्राथमिक फेरी बरीच पुढे गेली होती.

हे चक्र फिरते कसे?

माईक स्पीकरच्या जवळ नेला की कर्कश शिट्टी वाजते, हे गणेशोत्सवाच्या मंडपात प्रत्येकाने अनुभवले आहे. माईकमधला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन येतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. उमेदवारांच्या प्रसिद्धीचे गणित असेच आहे. आणि इथे माईक-स्पीकर जोडणारी वायर म्हणजे जनमत चाचण्या.

फॉक्सच्या त्या पहिल्या वादफेरीत कोणाला उभे करायचे, हे पाच राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवरून ठरले. पहिले दहा उमेदवार रात्रीच्या मुख्य मंचावर, उरलेले संध्याकाळी पाचच्या दुय्यम फेरीत. लिंडसे ग्रॅहम यांच्यासारखे विद्यमान सिनेटर या दुसऱ्या गटात गेले. या फेरीला अमेरिकी माध्यमांनी लहान मुलांच्या पंगतीचे टोपणनाव दिले होते. आता प्रश्न असा, की पहिल्या मतदानाच्या सहा महिने आधी फोनवर विचारल्यावर सामान्य मतदार कोणाचे नाव घेणार? टीव्हीवर जे ऐकले तेच. म्हणजे प्रसिद्धीतून चाचणीतले टक्के, टक्क्यांतून मंचावरची जागा, मंचावरून पुन्हा प्रसिद्धी. कोणत्याही संपादकाने पक्षपात करायचे ठरवले नाही तरी हे चक्र आपोआप फिरते. दूषण द्यायला एखादा खलनायक सापडत नाही, हीच यातली अडचण.

या चक्राचे सर्वाधिक लक्षात राहिलेले दृश्य १५ मार्च २०१६ च्या रात्रीचे. फ्लोरिडा, ओहायोसह पाच राज्यांचे निकाल येत होते. सँडर्स अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स येथे समर्थकांपुढे भाषण करत होते. सीएनएन, फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या तिन्ही वाहिन्यांचे कॅमेरे मात्र फ्लोरिडात एका रिकाम्या पोडियमवर रोखलेले होते. ट्रम्प तिथे थोड्याच वेळात येणार होते. पाचही राज्यांत सँडर्स मागे पडले, त्यामुळे त्यांचे भाषण ही रात्रीची मुख्य बातमी नव्हती, हे खरे. पण रिकामा पोडियम ही तरी कुठली बातमी?

सीएनएनचे तेव्हाचे प्रमुख जेफ झकर यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये हार्वर्डमधल्या एका कार्यक्रमात कबूल केले, की सुरुवातीच्या महिन्यांत ट्रम्प यांच्या इतक्या सभा सलग थेट दाखवायला नको होत्या. मतदानाला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

जास्त वेळ म्हणजे जास्त फायदा?

नेहमीच नाही. क्लिंटन यांनाही २०१६ मध्ये भरपूर वेळ मिळाला, पण त्यातला मोठा भाग त्यांच्या ई-मेल प्रकरणाचा होता. टिंडॉल यांच्या मोजणीनुसार त्या वर्षी ऑक्टोबरअखेरपर्यंत तिन्ही नेटवर्कच्या बातमीपत्रांनी या प्रकरणाला १०० मिनिटे दिली, तर सर्व धोरणात्मक मुद्द्यांवरच्या स्वतंत्र वृत्तांकनाला मिळून ३२ मिनिटे. हार्वर्डच्या शोरेनस्टीन सेंटरसाठी थॉमस पॅटरसन यांनी केलेल्या अभ्यासातही मुख्य लढतीतले वृत्तांकन दोघांबाबत बव्हंशी नकारात्मकच आढळले. क्लिंटन यांच्याबाबत ६४ टक्के, ट्रम्प यांच्याबाबत ७७ टक्के. कोण पुढे, कोण मागे याला ४२ टक्के जागा आणि धोरणांना १० टक्के. म्हणजे घड्याळ लावून मिनिटे समान केली तरी त्या मिनिटांत काय भरले, हा प्रश्न उरतोच. मात्र नकारात्मक बातमीही ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याच्याबद्दल मतदाराचे बरे-वाईट असे काहीच मत तयार होत नाही.

मग ‘समान वेळे’च्या कायद्याचे काय झाले?

१९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टमधले कलम ३१५ सांगते, की एका उमेदवाराला प्रसारणाची संधी दिली तर त्या पदाच्या इतर उमेदवारांनाही तशी संधी द्यावी लागेल. ऐकायला छान. पण १९५९ मध्ये या कलमाचा अर्थच बदलला आणि त्याला कारण ठरले शिकागोचे लार डाली. अंकल सॅमचा पोशाख चढवून एकामागून एक निवडणूक लढवणारे हे गृहस्थ. महापौरपदाच्या निवडणुकीत विद्यमान महापौर रिचर्ड डेली बातम्यांत दिसले, तेव्हा मलाही तेवढा वेळ द्या, असा अर्ज त्यांनी केला. नियामक संस्था एफसीसीने तो मान्य केला. वाहिन्यांचे धाबे दणाणले. प्रत्येक बातमीमागे प्रत्येक हौशी उमेदवाराला वेळ द्यायचा तर बातमीपत्र चालवायचे कसे? त्याच वर्षी काँग्रेसने कायदा दुरुस्त केला आणि बातमीपत्रे, वृत्तमुलाखती, वृत्तपट आणि घटनास्थळावरचे थेट वृत्तांकन या चारही गोष्टी नियमातून वगळल्या. १९७५ मध्ये एफसीसीने वादफेऱ्यांनाही वाट मोकळी करून दिली.

परिणाम असा, की जिथे असमानता सर्वात जास्त आहे तिथेच कायदा लागू होत नाही. तो लागू होतो करमणुकीत. २ नोव्हेंबर २०२४ ला कमला हॅरिस एनबीसीच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात जेमतेम दीड मिनिट झळकल्या. दुसऱ्या दिवशी एनबीसीने नॅसकार मोटारशर्यत आणि फुटबॉल सामन्याच्या प्रसारणात ट्रम्प यांना वेळ देऊन हिशेब चुकता केला. प्रहसनातल्या दीड मिनिटाची भरपाई होते, बातमीपत्रातल्या ८१ मिनिटांची होत नाही.

फ्रान्स मिनिटे मोजतो, तिथे काय होते?

फ्रान्समध्ये आर्कोम ही नियामक संस्था (आधीची सीएसए) प्रत्येक उमेदवार आणि त्याचे समर्थक वाहिनीवर किती वेळ बोलले, याची नोंद वाहिन्यांकडून घेते. अधिकृत प्रचार सुरू होण्यापूर्वी उमेदवाराच्या राजकीय वजनाच्या प्रमाणात वेळ द्यायचा. प्रचार अधिकृतपणे सुरू झाला की सर्वांना काटेकोर समान. पहाटे तीनला दाखवून कोटा भरता येऊ नये म्हणून प्रसारणाच्या वेळाही तुल्यबळ असाव्यात, असे बंधन आहे.

२०१७ मध्ये ११ उमेदवार होते. अधिकृत प्रचार सुरू व्हायच्या आधी, २० मार्चला टीएफ१ वाहिनीने फक्त पाच जणांची वादफेरी घेतली. वगळले गेलेले निकोला ड्युपाँ-एन्यां निषेध म्हणून दोन दिवस आधी त्याच वाहिनीच्या थेट बातमीपत्रातून उठून निघून गेले. ४ एप्रिलला मात्र अन्य वाहिन्यांवर सर्व ११ जण एकत्र आले. त्यात फिलिप पुतू होते, बोर्दोजवळच्या फोर्डच्या कारखान्यातले कामगार. मारीन ल पेन यांनी चौकशीला जाणे टाळताना खासदारकीच्या संरक्षणाचा आधार घेतला होता. पुतू यांनी त्यांना तोंडावर सुनावले, की आम्हाला बोलावणे आले तर कामगार म्हणून असले कोणतेही संरक्षण मिळत नाही, आम्ही जातो. टाळ्या पडल्या. पहिल्या फेरीत त्यांना मते मिळाली १.०९ टक्के.

फ्रान्सच्या पद्धतीलाही भोके आहेत. १२ उमेदवारांना समान वेळ देण्यापेक्षा राजकीय कार्यक्रमच कमी करणे वाहिन्यांना सोपे वाटते. २०२२ मध्ये इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी पहिल्या फेरीआधी प्रतिस्पर्ध्यांशी वाद घालायला नकार दिला आणि सर्व उमेदवारांची वादफेरी झालीच नाही. समान वेळ देण्याचे बंधन वाहिनीवर आहे, उमेदवाराने तो घ्यावा असे नाही.

भारतात नियम कोणाला?

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार-आमदार करतात, त्यामुळे थेट तुलना होत नाही. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत मात्र दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना विनामूल्य वेळ दिला जातो. ही पद्धत १९९८ पासून सुरू आहे. किमान वेळ सर्वांना आणि त्यावरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीनुसार, असे त्याचे सूत्र. अपक्षांना त्यात जागा नाही. खासगी वृत्तवाहिन्या कोणत्या नेत्याची सभा किती वेळ थेट दाखवतात, याला ही योजना लागू होत नाही.