पदवीनंतरची उमेदवारी

गेल्या मार्गशीर्षांत आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून भेटीस आला. तिकडेच जन्मलेली त्याची मुलगी येत्या मे महिन्यांत पदवीधर व्हावयाची होती. पुढें मज्जाविज्ञानांत डॉक्टरेट करावयाची असें तिनें ठरविलेलें. अर्ज मात्र केला नाहीं! "गुरुजी, आधीं दोन वर्षें प्रयोगशाळेंत उमेदवारी करणार म्हणते. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं. वर्षें बुडालींच कीं नाहीं हीं?"

प्रश्न ऐकून आम्ही वरमलों. तीस वर्षांपूर्वीं बी. एस्सी. झाल्यावर त्यालाही एका प्राध्यापकांपाशीं वर्षभर काम शिकावयाचें होतें. आणि "वर्ष बुडवूं नकोस" असें सांगून त्याला नोकरीस धाडणारे आम्हीच! तेव्हां या खेपेस चौकशी करूनच उत्तर द्यावयाचें ठरविलें.

त्या देशांत एम. एस्सी. न करतां थेट डॉक्टरेटला प्रवेश मिळूं शकतो. ती पुरी होण्यास बहुधा पांच-सहा वर्षें लागतात. निवड करणारे केवळ गुण पाहत नाहींत. उमेदवारानें संशोधन स्वतःच्या हातानें केलें आहे काय, आणि ज्याच्या हाताखालीं केलें तो त्याच्याविषयीं काय लिहितो, हेंही पाहतात. लहान कॉलेजांत शिकणाऱ्या, किंवा फीसाठीं सायंकाळीं दुकानांत राबणाऱ्या मुलांना ही संधि कोठून मिळावी? मुख्यतः त्यांच्यासाठीं ही मधली पायरी आहे. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथें अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचें विस्तीर्ण आवार आहे. तेथें असे पदवीधर विद्यावेतनावर वर्ष-दोन वर्षें घेण्याचा प्रघात जुना आहे. मात्र तो नागरिकांसाठीं व कायम रहिवाशांसाठीं. २०२५ सालीं सरकारी खर्चास कात्री लागली, तेव्हां ही भरतीही थंडावली होती.

काम काय, म्हणाल तर एकच उदाहरण देतों. मज्जापेशींतील विद्युत्प्रवाह मोजण्यासाठीं, टोंकाशीं सुमारें सहस्रांश मिलिमीटर रुंदीची कांचेची नळी पेशीच्या पटलाला अलगद भिडवावी लागते. नेहेर व साकमन यांनीं १९७६ सालीं ही रीत प्रसिद्ध केली, आणि १९९१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुस्तकांत ती एका परिच्छेदांत संपते. हाताला वश होण्यास महिने लागतात. नळी मोडते, पेशी मरते, दिवस मावळतो. या कामांत आपलें मन रमतें कीं नाहीं, हें सहा वर्षें गुंतवून बसण्यापूर्वीं कळलेलें काय वाईट?

मज्जाविज्ञानाचे आद्य आचार्य काहाल यांचेंच पहा. गोल्जी यांची चांदीच्या क्षारांनीं पेशी रंगविण्याची रीत १८७३ पासून छापील होती. परंतु काहाल यांनीं तिचें सामर्थ्य ओळखलें तें १८८७ सालीं, माद्रिद येथें सिमार्रो यांच्या घरीं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर. त्या वेळीं ते पस्तीस वर्षांचे, आणि स्वतः प्राध्यापक! आपल्याकडे "शुश्रूषा" म्हणजे मुळांत ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहून आला. गुरूजवळ राहिल्यावांचून ऐकावयास मिळत नसे, म्हणूनच आला असावा असें आम्हांस वाटतें.

हें सारें सांगितलें, जुनी चूकही कबूल केली. बाप अद्याप पुरता राजी नाहीं. मुलगी जूनपासून एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत रुजू झाली असून, पहिल्या महिन्यांत एकही पेशी धड मोजतां आली नाहीं असें तिनें आम्हांस कळविलें आहे. "बाबांना सांगूं नका" अशी पुष्टि जोडून. हें मासिक त्यांच्या घरीं जात नाहीं, असा आमचा समज आहे.