तारुण्यपीटिका : उपाय आणि अपाय

बदलीवर बेंगळुरूस आलेल्या मराठी सहकाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार कानी पडते. इथले पाणी मानवत नाही, चेहऱ्यावर मुरूम उठतात. तक्रारीत थोडे तथ्य आहे. शहराच्या मोठ्या भागास कावेरीचे पाणी मिळत असले, तरी बाहेरच्या वसाहतींतील अनेक इमारती कूपनलिका आणि टँकर यांवरच अवलंबून असतात. कूपनलिकेचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तो त्वचेवर राहतो आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. मग मनुष्य अधिक जोराने साबण चोळतो आणि त्वचेचा दाह वाढवून घेतो. तथापि, मुरमाचे मूळ पाण्यात नसते.

सुश्रुतसंहितेने या विकाराची गणना क्षुद्ररोगांत करून त्यास मुखदूषिका म्हटले आहे आणि त्या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचे खोड पाहिलेल्या वाचकास ती लगेच पटावी. आधुनिक वैद्यकानुसार केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजते. आत कोंडलेल्या तेलात त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. काळ्या ठिपक्यांना लोक मळ समजतात. वस्तुतः तो रंग मुख्यतः त्वचेच्याच रंगद्रव्याचा असतो, म्हणून घासून जात नाही. तिशीतल्या स्त्रियांनाही हा त्रास होतो. मासिक पाळी अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घेणे इष्ट.

दैनंदिन काळजी अगदी साधी आहे. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. पाणी फार क्षारयुक्त असल्यास साबणाच्या वडीपेक्षा साबणविरहित क्लेन्झर बरा. त्यानंतर छिद्रे न बुजवणारे, हलके मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेला त्याची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. आपल्या सावळ्या वर्णात मुरूम गेल्यावरही काळे डाग महिनोन्‌महिने राहतात आणि उन्हाने ते गडद होतात, यासाठी सनस्क्रीन हवे. आपल्याकडे डोके खोबरेल तेलाने चोपडण्याची पद्धत आहे. ते कपाळावर ओघळते आणि केसांच्या रेषेलगत पुरळ उठते. दुचाकीवरून तासन्‌तास वाहतुकीत अडकणाऱ्यांच्या हनुवटीवर हेल्मेटचा पट्टा घासतो, तो धूत जावा. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हे घरगुती प्रयोग मात्र टाळावेत. त्यांनी त्वचा भाजते.

औषधांत बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन ही दोन नावे प्रमुख आहेत. पहिले औषध अडीच टक्क्यांचेही पुरेसे ठरते. त्याने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचे रंग उडतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. दुसरे रात्री वाटाण्याएवढे घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर लावायचे असते. गरोदरपणात ते वापरू नये. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. खरा फरक दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण लग्न किंवा मुलाखत पुढच्या महिन्यात असते.

मग औषधाचे दुकान गाठले जाते. मुरमाला कन्नडमध्ये ‘मोडवे’ म्हणतात. तेवढा एकच शब्द येत असला, तरी काउंटरवरून एखादी ट्यूब हातात पडते. शेजारीण किंवा मैत्रीणही तीच सुचवते. तिच्यात पुष्कळदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. ते सूज आणि लाली झपाट्याने दाबते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. अल्पावधीत असा परतावा देणाऱ्या योजनेकडे आम्ही बँकेची मंडळी संशयाने पाहतो; इथेही तोच संशय योग्य आहे. काही काळाने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि पूर्वीपेक्षा जास्त मुरूम येतात. मलम थांबवताच चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून ते पुन्हा लावावे लागते.

ही ऐकीव भीती नाही. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक केंद्रांत केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचे मलम वापरत असल्याचे तीत आढळले. त्यांतील १०४ जणांनी ते मुरमांसाठी, तर १२६ जणांनी गोरेपणासाठी किंवा सर्वसाधारण क्रीम म्हणून लावले होते. २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचवले होते. सर्वांत अधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम येणे किंवा वाढणे.

औषध कोणते आणि प्रसाधन कोणते, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास परिचित असतो, कारण दोहोंवरील अबकारी कर वेगळा असे. विको टर्मरिकच्या बाबतीत तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल औषधाच्या बाजूने लागला. तिथे प्रश्न कराच्या रकमेचा होता. स्टेरॉइडला प्रसाधन समजण्याची किंमत चेहरा मोजतो. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची बाह्य वापराची मलमे अनुसूची एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. परंतु घरातल्या कपाटात पडून असलेल्या ट्यूबला चिठ्ठी कोण विचारणार?

गाठी होत असतील, व्रण पडत असतील किंवा तीन महिन्यांत उतार नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बेंगळुरूत बौरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालयासारख्या शासकीय ठिकाणीही ही सोय आहे. तीव्र विकारासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या गुणकारी आहेत. मात्र गर्भात व्यंग निर्माण करू शकतात, म्हणून त्या चालू असताना आणि थांबवल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते.

दरम्यान, घरातल्या ट्यूबवरील बारीक अक्षरे भिंगाने का होईना, वाचून काढावीत. वर दिलेल्यांपैकी एखादे नाव आढळले आणि मलम काही आठवड्यांपासून चालू असेल, तर ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. ट्यूब तशीच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ती किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली, हे न संकोचता सांगावे.