जाड लीड आणि सुपरसॉ: गैरसमज व वस्तुस्थिती

सिंथेसायझरवरील ‘जाड’ लीड, म्हणजे बाकीच्या वाद्यांवर ठळकपणे उठून येणारा भरदार मुख्य स्वर, अनेक ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित बेसूर करून, अर्थात डिट्यून करून घडवला जातो हे खरे आहे. परंतु बेसूरपणा जितका अधिक तितकी जाडीही अधिक, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जवळच्या वारंवारतांचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाज नियमितपणे चढतो व उतरतो, आणि या ठोक्यांचा वेग दोन वारंवारतांमधील फरकाइतका असतो. 440 आणि 441 हर्ट्झचे स्वर सेकंदाला एक ठोका देतात. तंबोऱ्याची जोड मिळवताना हे ठोके मंदावत नाहीसे होईपर्यंत खुंटी पिळली जाते. लीड घडवणारा ते मुद्दाम राखतो.

करवतीच्या दात्यांसारख्या सॉटूथ तरंगात मूळ वारंवारतेच्या सर्व पटींचे स्वरांश, म्हणजे हार्मोनिक, असल्यामुळे हे ठोके एकाच वेगाने पडत नाहीत. ऑसिलेटरांमध्ये 10 सेंटचे, म्हणजे अर्धस्वराच्या दहाव्या भागाचे अंतर असेल, तर 440 हर्ट्झवर मूळ स्वर सेकंदाला सुमारे 2.5 वेळा आणि दहावा हार्मोनिक सुमारे 25 वेळा हेलकावतो. कानाला जाणवणारी जाडी ही प्रामुख्याने या असंख्य, परस्परांशी न जुळणाऱ्या वेगांची सळसळ होय; म्हणूनच एकही वरचा हार्मोनिक नसलेल्या साइन तरंगाच्या जोडीतून त्याच अंतराला नुसती थरथर निघते. अंतर बरेच वाढवल्यास ठोके विरतात, स्वर वेगळे ऐकू येऊ लागतात आणि उरतो तो निव्वळ बेसूरपणा.

रोलँड कंपनीच्या 1996 मधील जेपी-8000 या वाद्यातील ‘सुपरसॉ’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्यातील सात सॉटूथ ऑसिलेटरांपैकी मधला स्थिर राहतो, उरलेले सहा असमान अंतरांनी दोन्ही बाजूंना सरकतात, आणि कमाल डिट्यूनला टोकाचे ऑसिलेटर मूळ वारंवारतेपासून सुमारे 11 टक्के, म्हणजे जवळजवळ दोन अर्धस्वर, दूर जातात. मात्र नॉबच्या बहुतांश फेऱ्यात हे अंतर अत्यंत सावकाश वाढते व अखेरीसच उसळी घेते. उपयुक्त जाडी लहान अंतरांतच सापडते, याची ही रचनाकारांनीच दिलेली कबुली मानता येईल. जाडी खर्जातून येते हा समजही याच वाद्याने खोटा ठरवला आहे, कारण सुपरसॉच्या आवाजातील मूळ स्वराखालचा भाग हायपास फिल्टरने छाटला जातो.

ऑसिलेटरांची संख्या वाढवण्याचा मोहही असाच फसवा आहे. स्वतंत्र फेजचे, म्हणजे आवर्तनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असलेले, समान पातळीचे सात ऑसिलेटर मिळून सरासरी पातळी सुमारे 8.5 डेसिबलने वाढते, आणि मोठा आवाज कानाला आपोआप जाड वाटतो. पातळी समान राखून तुलना केल्यास सातानंतरची भर बरीच किरकोळ ठरते. सर्व ऑसिलेटर दर स्वरारंभी एकाच फेजपासून सुरू केले, तर मात्र प्रत्येक स्वराच्या तोंडाशी तोच ठरावीक ‘झूप’ ऐकू येतो. सुपरसॉमध्ये ते मुक्तपणे चालत राहत असल्याने प्रत्येक आघात थोडा निराळा होतो.

डिट्यून आणि कोरस यांना एकच मानणे हाही ढोबळपणाच आहे. कोरसमध्ये एकाच ध्वनीची विलंबित प्रत मूळ ध्वनीत मिसळली जाते आणि विलंब सतत बदलल्याने तिचा सूर क्रमाने वर-खाली होतो. डिट्यूनमध्ये अंतर कायम असते आणि प्रत्येक स्वराला आपले स्वतंत्र ऑसिलेटर असतात.

खालच्या सप्तकांत हिशेब पुन्हा बदलतो. 55 हर्ट्झवर 10 सेंटच्या अंतराने ठोका सुमारे तीन सेकंदांनी पडतो, त्यामुळे समान पातळीच्या दोन ऑसिलेटरांचा मूळ स्वर दरम्यान जवळजवळ नाहीसा होतो आणि द्रुत लयीतील एखादा स्वर नेमका त्याच पोकळीत सापडू शकतो. यास्तव खालचा आधार एकाच, डिट्यून न केलेल्या ऑसिलेटरवर सोपवावा, किंवा वाद्यात सोय असल्यास अंतर सेंटऐवजी हर्ट्झमध्ये ठेवावे, म्हणजे मूळ स्वराच्या ठोक्यांचा वेग साऱ्या पट्ट्यांवर सारखाच राहतो. डिट्यून केलेले ऑसिलेटर डावी-उजवीकडे पसरवल्यास हेडफोनवर ही पोकळी लपते, पण मोनो ध्वनिक्षेपकावर दोन्ही बाजू एकत्र होताच ती पुन्हा उघडी पडते.