जळू, मीठ आणि बर्फाचा समुद्र

जळू म्हटली की ग्वाल्हेरच्या जुन्या घरांतील माणसांना दोन गोष्टी आठवतात: तळ्यात डुंबून आलेल्या म्हशीच्या अंगाला चिकटलेली जोंक, आणि वैद्यबुवांनी गळवावर लावलेली जळू. ती सुटेना तर काय करायचे, हेही सर्वांना ठाऊक असते. चिमूटभर मीठ! हा उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १३व्या अध्यायात जळवांच्या १२ जाती सांगितल्या आहेत, ६ सविष आणि ६ निर्विष. आणि जळू सोडत नसेल तर तिच्या तोंडावर सैंधवाचे चूर्ण टाकावे, असे तेथे म्हटले आहे.

मीठ तिला का सोसत नाही? गोड्या पाण्यातील जळूच्या अंगातील द्रव फारसा खारट नसतो. मीठ पडले की अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ती आकसून गळून पडते.

मग समुद्रात जळू जगेल कशी? पण जगते, आणि थेट ध्रुवांपाशीही जगते. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते. ती मोहीम ज्या समुद्रात गेली, तिथले पाणी उणे १.९ अंशापर्यंत थंड होते. खारेपणामुळेच ते शून्यावर गोठत नाही. तिथल्या जळूच्या अंगातील द्रव जवळजवळ समुद्राइतकाच खारट असतो. त्यामुळे मिठाची ओढ आत-बाहेर सारखीच, आणि समुद्र गोठत नाही तोवर तीही गोठत नाही.

अडचण आहे ती माशाची. त्याचे रक्त समुद्रापेक्षा बरेच कमी खारट. साधारण समुद्री माशाचे रक्त उणे ०.७ अंशाच्या आसपास गोठते. अंटार्क्टिक माशांच्या रक्तात साखर जोडलेली खास प्रथिने असतात. ती बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ थोपवतात. १९६०च्या दशकात आर्थर डेव्ह्रीज या अमेरिकन संशोधकाने ती शोधली. म्हणजे पाहुणी निर्धास्त, आणि खटाटोप सगळा घरधन्याला!

त्यातही हिममासे फारच विलक्षण. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. अतिथंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, तेवढ्यावर त्यांचे भागते. पाणी तापू लागले तर मात्र कठीण. ट्रुलिओबडेला कॅपिटिस ही जळू याच माशांवर राहते. नावातील ‘कॅपिटिस’चा अर्थ ‘डोक्याची’. तिला आपल्या जळूसारखे जबडे नसतात, सोंड असते. ती सोंड खुपसून ती जे रक्त पिते त्याला लाल रंगच नाही!

उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात मात्र प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. जोहान्सोनिया आर्क्टिका ही तिथली जळू कॉड माशाचे रक्त पिताना त्याच्या अंगात ट्रिपॅनोसोमा हे सूक्ष्म परजीवी सोडते, आणि कॉडवर तिथल्या हजारो कोळ्यांचे पोट आहे. या जळूला अंड्यांचे कोष चिकटवायला टणक पृष्ठभाग लागतो. गाळाच्या तळावर तो दुर्मीळ. १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधला मोठा लाल खेकडा तिथे आणून सोडला. हेतू चांगला होता, लोकांना नवे अन्न मिळावे हा. खेकडा वाढला, पसरला, नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला, आणि त्याच्या टणक पाठीवर जळूने आपले कोष लावायला सुरुवात केली. खेकडे वाढले तर जळवा वाढतील, आणि जळवांबरोबर कॉडचा रोगही, अशी शंका नॉर्वेच्या संशोधकांनी मांडली आहे.