औरंगजेबाचा राजवाडा कापडाचा होता, आणि त्याचा शेवटचा मुक्काम भिंगारला पडला!

नगरजवळचं भिंगार म्हटलं की लष्कराची छावणी आठवते. पण इंग्रजांच्या कितीतरी आधी इथे एक अवाढव्य छावणी पडली होती, औरंगजेबाची. ३ मार्च १७०७ रोजी तो गेला तो याच मुक्कामात. भिंगारची 'आलमगीर' ही जागा त्याचीच खूण.

आता प्रश्न पडतो, दिल्ली-आग्र्याला दगडी किल्ले असलेला बादशहा पंचवीस वर्षं दख्खनेत राहत कुठे होता?

तर बराच काळ, कापडात.

राजाला एवढं कापड कशाला?

हा नाद एकट्या मुघलांचा नव्हता. इंग्लंडचा आठवा हेन्री १५४७ साली मेला तेव्हा त्याच्याकडे दोन हजारांहून जास्त टॅपेस्ट्री होत्या. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचे, चित्रं विणलेले भलेमोठे पडदे. काहींत सोन्या-चांदीची तारही असायची. राजा जाईल तिथे ते गुंडाळून न्यायचे. ओक्याबोक्या दालनात टांगले की झाला दरबार तयार.

मुघलांनी याच्या पुढची पायरी गाठली. त्यांच्याकडे कापड भिंतीवर नव्हतं, कापड हीच भिंत होती.

हत्तींवरून फिरणारा महाल

अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी'त याचा हिशोबच दिलाय. एका छावणीचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या. तंबू उभारायला हजार फराश. दरबाराचा सगळ्यात मोठा तंबू उभा करायला या हजार जणांनाही आठवडा लागायचा. बादशहाच्या खाशा जागेभोवती 'गुलालबार' नावाचं लाल कुंपण असे.

औरंगजेबासोबत प्रवास केलेला फ्रेंच डॉक्टर बर्निये सांगतो, की शाही कनाती बाहेरून लाल आणि आतून मच्छलीपट्टणच्या रंगीत छिटाच्या होत्या. शिवाय सगळं सामान दुहेरी. एका डेऱ्यात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. म्हणजे तो पोचायच्या आत महाल तयार.

१६९५ मध्ये इटालियन प्रवासी करेरीने गलगल्याची छावणी पाहिली. तो तिचा घेर तीस मैल आणि बाजार अडीचशे सांगतो. चालतं शहरच म्हणा ना.

मराठ्यांनी नेमकं काय कापलं?

१६८९ साली संभाजी महाराजांच्या हत्येनंतर संताजी घोरपड्यांनी थेट तुळापूरच्या छावणीवर छापा घातला. बखरी सांगतात, की त्यांनी शाही डेऱ्याचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस कापून नेले. बादशहा तेव्हा त्या डेऱ्यात नव्हता म्हणून वाचला.

सोन्याची किंमत हा इथे मुद्दाच नव्हता. तो डेरा म्हणजेच तख्त होतं. त्याचा कळस नेणं म्हणजे भर दरबारात पगडी उडवणं!

मग भिंगारला काय झालं?

शाहू महाराज लहानपणापासून याच छावणीत कैदेत होते. औरंगजेब गेल्यावर शाहजादा आझमने स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि तख्तासाठी तो लवाजम्यासह उत्तरेकडे निघाला. त्याच वाटेवर शाहू महाराजांची सुटका झाली आणि मराठी राज्याचं पुढचं पान उलटलं.

औरंगजेबाला मात्र खुलताबादला नेऊन पुरलं. हजार फराशांच्या महालात राहिलेल्या या बादशहाची कबर साधी, आणि वर छप्परही नाही.